दोन तुकड्यांचा बोर्ड

त्या वर्षाच्या तीन याद्या माझ्याकडे अजून आहेत. पहिली सॉफ्टवेअरची. दुसरी शिरगावकर सर माझ्याबद्दल चारचौघांत जे जे बोलले त्याची. तिसरी, ते त्यांना परत कसं करायचं याची. तिन्ही भाऊंच्या कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर आहेत, त्यामुळे मागच्या बाजूला कुणाकुणाचे फेरफाराचे अर्ज दिसतात. तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे काम झाल्याची खूण आहे आणि ती पाहिली की आजही मला जेवण चांगलं जातं. वय वाढलं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही. मी तो घडी घालून ठेवलाय, एवढंच.

भाऊ म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून. कुवारबावला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे पडवी, मागे न्हाणी. पडवीत बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला कागदांचा गठ्ठा लटकवलेला असायचा आणि घरात कुठलीही गोष्ट त्या कागदांवर चढल्याशिवाय व्हायची नाही. आई बाजाराला निघाली तरी भाऊ रूळ घेऊन रकाने आखायचे: जिन्नस, किती, आणला की नाही, शेरा. सुक्या बांगड्यापुढे शेरा असायचा, 'मागच्या वेळी खवट'. कुळथापुढे, 'खडे निवडून घेणे'. आई म्हणायची, "मला काय वाचून दाखवताव, मीच नाय काय सांगितलं खवट होता म्हणून?" भाऊंवर त्याचा परिणाम शून्य. त्यांचं एकच म्हणणं होतं, शेऱ्याचा रकाना कधी मोकळा सोडायचा नाही; माणसाला काय माहीत होतं ते तिथे कळतं. आम्ही भावंडं या वाक्याला हसायचो. मी त्याला किती दिवस हसले आणि कधी हसायची थांबले ते पुढे येईलच.

आई काजूच्या कारखान्यात जायची. टरफलातल्या तेलानं तिची बोटं कायमची काळी झाली होती; भाकरी थापताना पांढऱ्या पिठात ती बोटं फार ठळक दिसत. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते आणि न्हाणीत सर्किटचे तांब्याचे बोर्ड खरवडायचे. नक्षी गुळगुळीत कागदावर छापायची, तो कागद तांब्याच्या पाटीवर ठेवून आईच्या इस्त्रीनं दाबायचा, काळी रेघ पाटीवर उमटली की पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. नको ते तांबं विरघळतं, रेघांखालचं उरतं. त्या पाण्याचे डाग न्हाणीच्या दगडावरून कधीच गेले नाहीत. आई दगड घासून घासून दमली आणि एकदा माझे हात हातात घेऊन म्हणाली, "माझी बोटं काजूनं काळी, तुझी या पाण्यानं पिवळी. आपल्या दोघींला जेवायला बोलावलं तर पंगतीतली माणसं उठून जातील गो." मग दोघी हसलो. संध्याकाळी पेज आणि भाजलेली सुकट, भाऊंचा रेडिओ, मागच्या अंगणात हातड्रिलची किरकिर. त्या घराचा आवाज विचारला तर मी तो सांगेन.

अढीची घंटा मी मजीदचाचांसाठी केली. मजीदचाचा पावसच्या वाटेवरचे आंबा बागायतदार. सातबाऱ्याच्या कामासाठी कचेरीत यायचे, भाऊंनी त्यांचं काम चहा न घेता केलं म्हणून उलट आमच्या घरी चहाला यायला लागले. आंबा पिकवायला भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावून ठेवतात, तीच अढी. पेंढ्याच्या आत ऊब धरते आणि आंबा पिकतो. पण ऊब फार झाली की एका कोपऱ्यातला आंबा नासतो आणि वरून काही दिसत नाही. चाचा दिवसातून चारदा अढीत कोपरापर्यंत हात घालून पाहायचे. मी म्हटलं, आठ ठिकाणी मुगाच्या दाण्याएवढे सेन्सर खुपसून ठेवते, जिथे तापेल तिथला दिवा लागेल आणि घंटा वाजेल. चाचांनी हात पुढे केले. "मग हे अल्लानं कशाला दिलेन गो?"

"आंबा खायला, चाचा."

"ही पोर भाऊसाहेबांची नव्हे. भाऊसाहेब एवढं पटकन बोलत नाहीत." आणि त्यांनी एक अढी माझ्या ताब्यात दिली.

आता बोर्डाकडे येते. आठ सेन्सर, आठ दिवे, घंटा, हे सगळं मांडायला वीतभर लांब बोर्ड लागत होता. माझ्याकडे कचेरीच्या लिलावातला जुना कॉम्प्युटर होता आणि त्यावर बोर्डाची नक्षी काढायच्या एका मोठ्या परदेशी सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती. तिचा नियम होता की बोर्ड दहा सेंटिमीटरच्या पुढे जाणार नाही. पुढे हवा तर पैसे भरा. मी भरू शकत नव्हते. म्हणून मी बोर्ड मधोमध कापला. पहिले चार सेन्सर, वीज आणि घंटा एका तुकड्यावर, पाच ते आठ दुसऱ्या तुकड्यावर, आणि मध्ये पितळी पिनांची एक जोडपट्टी. त्यात काही हुशारी नव्हती. जागा संपली म्हणून कापला.

चाचांच्या आंब्याच्या खोलीत घंटा वाजली, दोनदा खरीच वाजली आणि दोन्ही वेळा कोपरा उपसला तेव्हा आतला आंबा नुकता मऊ पडायला लागला होता. चाचांनी घरी एक पेटी पाठवली, वर चुन्यानं माझं नाव लिहून. पण हंगाम संपता संपता मी सवयीनं एकेक सेन्सर मुठीत धरून पाहत होते, तेव्हा पाच ते आठचे दिवे लागेचनात. जोडपट्टी उपसली तर पिना हिरव्यागार. पेंढ्याची वाफ आणि खारा वारा, दोघांनी मिळून सहा आठवड्यांत काम केलं होतं. वाईट गोष्ट म्हणजे अर्धा बोर्ड मेला तरी बाहेरून कळत नव्हतं. दिवा विझलेला म्हणजे सगळं ठीक, अशीच माझी मांडणी होती. मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या वर्षी दुरुस्त करायचं ठरवलं.

रत्नागिरीत तेव्हा हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं एक मंडळ होतं. दर रविवारी सकाळी शिरगावकर सरांच्या इन्व्हर्टरच्या दुकानामागच्या खोलीत दहा-बारा माणसं जमायची: शाळामास्तर, रेडिओ दुरुस्त करणारे, एक निवृत्त लाइनमन, आणि मी एकटी मुलगी. सर पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत बरीच वर्षं काढून गावी परतले होते. स्वच्छ शर्ट, हळू आवाज, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघण्याची सवय. मी बोर्ड दाखवला तेव्हा ते म्हणाले, "फुकटच्या सॉफ्टवेअरमधून फुकटचंच निघणार. पण ठेवून जा, बघतो." ही दुसऱ्या यादीतली पहिली ओळ. मी बोर्ड ठेवून आले, सर्किटच्या नकाशाची छापील प्रतसुद्धा. तो परत मागायला मी चार वेळा गेले. चारही वेळा तो 'वरच्या माळ्यावर कुठेतरी' होता.

हिवाळ्यात मंडळाची एक खास बैठक लागली. विषय होता, हौशी माणसानं बोर्ड काढायला परवडणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं. मला वाटलं, चला, कामाचा विषय. मी वही घेऊन गेले. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं की परवडणारं वगैरे शब्द कारागिरांना शोभत नाहीत, आणि आपल्या महागड्या सॉफ्टवेअरमधून काढलेलं एक यंत्र टेबलावर ठेवलं. हिरवा रंग दिलेला, मुंबईहून करून आणलेला देखणा बोर्ड, त्यावर ठसठशीत अक्षरांत सरांचं नाव. "आंब्याच्या अढीसाठी," सर म्हणाले. "आठ सेन्सर. बागायतदारांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात." यंत्र हातोहात फिरत माझ्याकडे आलं. दोन तुकडे होते. मध्ये पितळी पिनांची जोडपट्टी होती. घंटेशेजारी मी एक भोक चुकून पाडलं होतं, तेही होतं.

कान तापले होते, तरी मला भाऊंची पद्धत आठवली. साहेबाला आधी बोलू द्यायचं. मी विचारलं, "सर, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड किती मोठा काढता येतो?"

"कितीही. या दारापासून त्या खिडकीपर्यंत काढ."

मंडळातले नंदू मास्तर मागून म्हणाले, "काय गो, सरांना बघायला आल्यासारखी लांबी-रुंदी विचारतेस!" खोली हसली.

"मग हा दहा सेंटिमीटरवर का कापलाय?"

हसू थांबलं. सर भिंतीकडे बघत होते. मी मनात मोजत होते आणि मला खात्री होती की आता पकडले गेले. पण माणूस चौदा वर्षं कंपनीच्या बैठकांत बसलेला होता. त्यांनी हलकं स्मित केलं. "मॉड्युलर," ते म्हणाले. "मुद्दाम दोन भाग केलेत. एक बिघडला तर तेवढाच बदलायचा. फुकटच्या आवृत्तीवर शिकलेल्याला हे सुचत नाही." माना डोलल्या. नंदू मास्तरांनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

"हा बोर्ड माझा आहे," मी म्हटलं. आवाज चिरकला, आणि त्याबद्दल मला त्यांच्याइतकाच स्वतःचाही राग आहे.

"कल्पना हवेत असतात, उज्ज्वला," सर इतक्या मायेनं म्हणाले की आजही अंगावर शहारा येतो. "काढतो त्याचा बोर्ड. तू नीटनेटकं काम करतेस, मुलींना ते जमतं. रचना म्हणजे वेगळं डोकं लागतं."

घरी येऊन मी जेवले नाही. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं, तिनं एक शिवी दिली जी मी इथे लिहीत नाही, आणि म्हणाली, "जाऊन त्याच्या दुकानासमोर उभी राहते, सगळ्या बाजाराला ऐकू जाऊ दे." भाऊ म्हणाले, "पुरावा काय?" पुरावा नव्हता. मंडळात माझा बोर्ड कुणी निरखून पाहिला नव्हता, आणि चाचांना घंटा ठाऊक होती, आतली नक्षी नाही. माझा मूळ बोर्ड माळ्यावर, आणि जी फाइल कॉम्प्युटरमध्ये होती तिच्यावर कुठलीही तारीख टाकता येते हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. मी भाऊंचा रूळ घेतला आणि दुसरी यादी लिहायला बसले. सरांनी जे जे म्हटलं ते सगळं, शब्दाला शब्द. ती लिहून झाल्यावर डोकं थंड झालं आणि एक गोष्ट लक्षात आली. सरांनी माझं सगळं उचललं होतं, चुकीच्या भोकासकट. म्हणजे जोडपट्टीही उचलली होती. ती सहा आठवड्यांत हिरवी पडते हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तिसरी यादी तिथेच सुरू झाली. पहिलं काम: अख्खा बोर्ड एका तुकड्यात, मे महिन्याच्या आत. त्यासाठी लांबीची अट नसलेलं सॉफ्टवेअर हवं होतं आणि खिशात काही नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत आणि घरच्या कॉम्प्युटरवर एकेक सॉफ्टवेअर तपासत होते, आणि पहिली यादी तेव्हाची आहे. रकाने: नाव, किंमत, अट, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं का, फाइल कुणाची, शेरा. सरांच्या सॉफ्टवेअरची किंमत रकान्यात मावेना, म्हणून मी नुसतं 'नाही' लिहिलं. त्याची चोरीची सीडी मुंबईत चहाच्या किमतीत मिळायची, आणि सरांची प्रत तीच होती हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मी ती घेतली नाही. सज्जनपणा म्हणून नव्हे. सरांना माझ्याकडे बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती. एक सॉफ्टवेअर सुरेख होतं पण तीस दिवसांनी बंद पडणार होतं. आणखी एक होतं, बोर्ड बनवणाऱ्या एका परदेशी कारखान्यानं फुकट वाटलेलं, वापरायला लोण्यासारखं. पण त्यात काढलेली फाइल फक्त त्याच कारखान्यात उघडायची. शेरा: 'म्हणजे माझा बोर्ड पुन्हा दुसऱ्याच्या माळ्यावर.' बोर्ड काढणाऱ्या कुठल्याही नवशिक्याला मी आजही सांगते, किंमत शेवटी बघा, आधी फाइल कुणाची राहते ते बघा. लोकांना वाटतं मी व्यवहार शिकवतेय. मी सूड शिकवत असते.

उरलं ते एक. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, लांबीची अट नाही, आणि दिसायला इतकं कुरूप की उघडल्यावर मला वाटलं काहीतरी मोडलंय. कॅफेतली लाइन तुटायची म्हणून ते तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यानं उतरवलं. त्यात नकाशा एका ठिकाणी काढायचा आणि बोर्ड दुसऱ्या ठिकाणी, आणि मध्ये कुठल्या सुट्या भागाचा पाय कुठल्या पायाला जोडायचा याची एक यादी स्वतः नेऊन द्यायची. मंडळातल्या दोघांनी याच कारणासाठी ते टाकून दिलं होतं. मला तर तेच आवडलं. ती यादी साध्या अक्षरांत होती. कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही वहीसारखी उघडायची. फाइल कुणाची: माझी. महिनाभर बोटं आणि डोळे झिजवले. सबंध बोर्ड वीतभर लांब, एका तुकड्यात, जोडपट्टी नाही. आणि या खेपेला मांडणी उलटी केली, सेन्सरची तार तुटली तरी दिवा लागेल अशी. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, नाव, तारीख, आवृत्ती आणि खाली एक मोकळी ओळ. भाऊ मागे उभे होते. "शेरा?" त्यांनी विचारलं. मी इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ टाइप केली. भाऊंनी चष्मा वर केला, वाचली आणि पाणी प्यायला आत गेले.

मार्चमध्ये मजीदचाचा मला बसस्टँडवर भेटले. काखेत एक खोकं होतं. "बघ, तुझीच घंटा घेतली," ते म्हणाले, आणि तोंडभर हसले. "शिरगावकर म्हणालेन, त्या पोरीचंच यंत्र, मी जरा सुधारलंय. चार घेतली. पोरीचं नाव होऊ दे म्हटलं." खोकं उघडून त्यांनी दाखवलं. हिरवा रंग, सरांचं नाव, मध्ये जोडपट्टी. चाचांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. माझी बस लागली होती, पण निघाली नव्हती. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, "छान आहे, चाचा," आणि बसमध्ये चढले.

मेच्या मध्यावर चाचांचा निरोप आला. मी माझा बोर्ड पिशवीत घालून गेले. आंब्याच्या खोलीबाहेरच वास आला, आंबूस, दारूसारखा. अंगणात पेंढा उपसून टाकलेला आणि त्यावर नासलेले आंबे, माश्या. आत शिरगावकर सर गुडघ्यांवर बसले होते, पांढऱ्या पँटला पेंढा चिकटलेला, हातात मीटर. मी दारात उभी राहून बघत राहिले. ते बॅटरी तपासत होते, घंटा तपासत होते, सेन्सर तपासत होते. जोडपट्टीला हात लावत नव्हते. जो माणूस स्वतः काढत नाही त्याला कुठे दुखतंय ते कळत नाही. ती पाच-सात मिनिटं मी आयुष्यात पुन्हा पुन्हा जगले आहे आणि दर वेळी ती थोडी लांबतात.

"उज्ज्वला," त्यांनी मला पाहिलं, "जरा बघ गं. पाचच्या पुढचं काहीच लागत नाहीये."

"मॉड्युलर आहे ना सर. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा."

चाचा कोपऱ्यातून म्हणाले, "काय म्हणते ती?" मी खाली बसले, जोडपट्टी ओढून काढली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. हिरव्या पिनांचा डाग त्यांच्या हाताला लागला. मग पिशवीतून माझा बोर्ड काढून शेजारी ठेवला, एका तुकड्यातला, तांब्यात कोरलेल्या माझ्या नावाचा. "काढतो त्याचा बोर्ड, असं तुम्ही म्हणाला होता. हा दोन तुकड्यांचा कुणी काढला, सर?"

"मूळ कल्पना हिची होती," ते चाचांकडे बघून पुटपुटले.

"कल्पना हवेत असतात. बोर्ड कुणाचा?"

"हिचा. बोर्ड हिचा."

"लिहून द्या." पाठकोरा कागद मी घरूनच आणला होता, तिसऱ्या यादीत तो होता. त्यांनी आंब्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहिलं, सही केली. मी सहीखाली पूर्ण नाव लिहायला लावलं. पुढच्या रविवारी नंदू मास्तरांनी तो कागद मंडळात मोठ्यानं वाचला. सर आले नव्हते. त्यानंतर मंडळ दुसऱ्या जागी भरायला लागलं आणि नव्या माणसाला सॉफ्टवेअर सुचवायचं काम माझ्याकडे आलं. सर अजून आहेत, काठी घेऊन फिरतात, बाजारात समोर आले की भिंतीकडे बघतात. मी रस्ता बदलत नाही. तो त्यांनाच बदलावा लागतो. हे सगळं मी पुन्हा तस्संच करीन, त्यात कुठेही खाडाखोड नाही.

पण त्या दिवशी सर गेल्यावर एक गोष्ट झाली. चाचांनी उपसलेल्या ढिगातून एक आंबा उचलला, अंगठ्यानं दाबला, अंगठा आत गेला. त्यांनी अंगठा पाण्यानं धुतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ती पट्टी सडणार, हे तुला ठाऊक होतं का गो?"

"नाही, चाचा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. आणि जाताना नेहमीसारखी पेटी दिली. त्या वर्षी आंबे थोडे होते, त्यामुळे पेटी लहान होती. चुन्यानं नाव मात्र लिहिलेलं होतं.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा, सलीमचा, फोन आला. माझी एका तुकड्यातली घंटा इतके हंगाम चालली, आता थकलीये, नवी हवी. पण विकत नको. त्याची मुलगी बारावीला आहे, तिला स्वतः करायचीये. "ताई, तिला जुनी फाइल द्या, आणि फुकटातलं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं ते सांगा. ती सगळं नीट वाचते, बारीक अक्षरसुद्धा." मी नवी यादी केली, तेच रकाने आखून. आज पर्याय खूप आहेत. काही ब्राउझरमध्येच चालतात, काही सुरुवातीला फुकट आणि पुढे दरमहा मागतात. माझं कुरूप सॉफ्टवेअर आता देखणं झालंय आणि यादीत अजून पहिलं आहे. खात्रीसाठी मी त्यात ती जुनी फाइल उघडली. इतक्या वर्षांनी एक रेघ इकडची तिकडे झालेली नव्हती. बोर्ड, नाव, तारीख, आवृत्ती, आणि खाली ती ओळ, भाऊंनी चष्मा वर करून वाचलेली:

'जोड काढला. सहा आठवड्यांत हिरवा काट चढतो, ५ ते ८ मरतात, कळत नाही. सरांना सांगणार नाही.'

वर तारीख आहे. बसस्टँडवर चाचा भेटले त्याच्या आधीची. त्या तारखेबद्दल शंका नाही, कारण टाइप करताना मागे भाऊ उभे होते.

सर्वांत आधी फाइल कुणाची राहते ते बघा, असं मी सगळ्यांना सांगत आले. ती माझी राहिली. ज्या पुराव्यासाठी मी त्या हिवाळ्यात डोळे झिजवले, तो सरांविरुद्ध कधी लागलाच नाही. त्यांनी स्वतःच लिहून दिलं. हा एवढाच पुरावा उरला.

सलीमच्या मुलीला मी यादी पाठवली आणि फाइल पाठवली. ती ओळ पुसायला एक कळ दाबायची होती. मी दाबली नाही. शुक्रवारी तिचा मेसेज आला, फाइल उघडली, आता वाचते आहे म्हणून.